मागच्या पानावरचे नंबर

धुळ्याच्या कोर्टासमोर, लिंबाखाली माझं टेबल.
टाईपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला,
तरी लोक टाईपवालीच म्हणतात.
अर्जाचा मजकूर पाठ आहे:
सदर अर्जदार व जाबदेणार यांचा विवाह दिनांक
पुढं गाळलेली जागा.

छाया बागूल आली एप्रिलच्या टळटळीत दुपारी,
सोनगीरहून, तोंडाला ओढणी गुंडाळून.
सोबत भाऊ, मेव्हणा, चुलते आणि मामा.
चौघे बोलत होते.
ती कापडी पिशवी पोटाशी धरून
माझ्या कीबोर्डकडे बघत होती.

चौघांना म्हटलं, चहा पिऊन या,
इथला नको, लांबच्या टपरीवरचा.

मग वही काढली, मागचं पान.

ही वकील, बोरसेबाई. हिच्यापुढं रडू नको.
तारखा सांग, कागद दे,
रडण्याचाही वेळ ती फीमध्ये धरते.
रडायला डॉक्टर नसीम पिंजारी,
देवपुरात, दुसरा मजला, बुधवारी.
तिथं पोटगीचा आकडा काढू नको,
झोप लागते का, एवढंच खरंखरं सांग.
आकडे भटूअण्णा वाण्याला.
नवऱ्याची पगाराची स्लिप तो
तांदूळ निवडावेत तशी निवडतो,
कोणत्या पतपेढीत कोणाच्या नावानं काय गेलं
ते बोटाच्या टोकावर उचलून दाखवतो.
आणि हा विसपुते सोनार.
लग्नाचा फोटो घेऊन जा.
भिंग लावून सांगेल,
पोत पावणेतीन तोळे, बिलवर पोकळ.
पोकळला भरीव म्हणणार नाही तो,
तुझ्यासाठीसुद्धा.

“माय वं,” ती पहिल्यांदा बोलली,
“इतला लोकेस्ले पैसा कथाईन देऊ?”

बोरसेबाई हप्ते करते. डॉक्टर कमी घेते.
विसपुतेला चहा चालतो, भटूअण्णाला नाही,
त्याला शंभर दे आणि पावती माग.
फुकटात आलेला माणूस सल्ला देतो, बाई,
पैसे घेतलेला तारखेला हजर राहतो.
बारा वर्षं या झाडाखाली
मी एवढंच शिकले.

तिनं पिशवीतून तांब्या काढला.
पितळी, गळ्याशी चेपलेला.
पोटावर ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेलं:
चि. सौ. कां. छाया हिस आहेर.
“बाबांनी स्वतः ठोकलं. असे एकवीस नग तिकडेच आहेत.
हा तेवढा येताना पाण्याचा म्हणून हातात होता.”

मी तांब्या उन्हात फिरवला.
साक्षीदार उलटतात. ठिपके कसे उलटतील?
कर्सर गाळलेल्या जागेवरून उचलला
आणि अर्जाच्या शेवटी नवी ओळ सुरू केली,
जी मला पाठ नव्हती.
हंडा एक. घंगाळ एक. परात, मोठी.
ती सांगत गेली. आवाज वाढत गेला.

माझा अर्ज मीच टाईप केला होता,
रात्री, दुकानाचं शटर अर्धं ओढून.
‘क्रूरता’ मधला उकार ऱ्हस्व पडला
आणि तसाच कोर्टात गेला.
वाचून बघणारं कोणी नव्हतं.
अजूनही तो शब्द आला
की माझं बोट क्षणभर थांबतं.

चौघे परत आले.
मामा म्हणाले, काय ठरलं?
छाया मान वर न करता म्हणाली,
“थांबा जरा. अजून सात नग राहिलेत.”

निघताना तिनं नंबर उतरवून घेतले,
वकील, डॉक्टर, अण्णा, सोनार, ओळीनं.
मग पेन तसंच धरून विचारलं,
“आणि रात्री? तीन वाजता, वगैरे?”

त्याचा कोणी फी घेणारा माणूस
मला अजून सापडलेला नाही.

माझा नंबर लिहून दिला.
उचलीनच असं नाही, म्हटलं,
दिवसभर बोटं दुखतात, झोप गाढ लागते.
पण वाजेल.